न मोजलेला आकडा

मरोळ, मुंबई
३० जून १९९८

विशाखा,

जय भीम. हे पत्र पुसेगावच्या शाळेच्या पत्त्यावर टाकतोय, डोंगरकड्याला तुझ्या माहेरी नाही. तिथं ते आबांच्या हाती पडेल आणि त्यांच्या हातून चुलीत जाईल. शाळेत आलेलं पत्र तू सगळ्या शिक्षकांसमोर तरी फाडणार नाहीस.

शनिवारी मी आलो नाही. एका विमानात बिघाड झाला, तातडीचं बोलावणं आलं, निरोप धाडायला वेळ मिळाला नाही. एवढंच कारण आहे.

तू सहा महिन्यांची बिनपगारी रजा मंजूर करून घेतली होतीस, ते मला माहीत आहे. ट्रंक भरून तू आबांबरोबर वारंगा फाट्यावर येणार, मी नांदेडहून जीपनं येणार आणि त्याच पावली आपण मुंबईला निघणार, असं ठरलं होतं. माझी सुट्टीच दोन दिवसांची. लग्नाला दोन वर्षं झाली. आपण दोघं एका छताखाली किती दिवस राहिलो ते मी गाडीत बोटांवर मोजलं. एक्केचाळीस भरले.

काल शेजारच्या घरी आबांचा फोन आला होता. 'जावईबापू जिवंत हायेत का, एवढंच सांगा,' म्हणाले. हो म्हटल्यावर ठेवून दिला. मला बोलवायलाही सांगितलं नाही.

खोली तयार आहे. आरसा मी तुझ्या उंचीला खाली ठोकलाय. दाढी करताना मला वाकावं लागतं.

दिवाळीच्या सुट्टीत येशील का? मी घ्यायला येतो. नक्की येतो.

तुझा
धम्मदीप


मरोळ
१७ ऑगस्ट १९९८

विशाखा,

चार पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. म्हणून हे पत्र तुला नाही, तुझ्या चौथीच्या वर्गाला. मार्चमध्ये तू लिहिलं होतंस की पोरं विचारतात, विमानाला वर रस्ता नाही, मैलाचे दगड नाहीत, मग वेग कसा कळतो? तेव्हा मी सांगायचं टाळलं. आता वेळ आहे.

पोरांनो, उतारावरून सायकल सोडली आणि तोंड उघडं ठेवलं की गाल फुगतात ना? सायकल जितकी जोरात, तितका गाल टम्म. विमानाच्या नाकाच्या दोन्ही अंगांना वीतभर लांबीच्या नळ्या असतात, समोर तोंड करून. वारा त्या तोंडात शिरतो. किती जोरानं शिरला त्यावरून आतला काटा वेग सांगतो. आम्ही त्या नळीला पिटो म्हणतो. एक नळी कप्तानाच्या काट्याची, दुसरी शेजारच्या वैमानिकाच्या काट्याची.

आता वर ढगात थंडी एवढी की नळीच्या तोंडाशी पाणी आलं की त्याचा बर्फ होतो. तोंड बुजलं की काटा खोटं बोलायला लागतो. म्हणून नळीच्या पोटात तारेचं वेटोळं असतं, इस्त्रीत असतं तसं. विमान उडतंय तोवर ती नळी तापलेलीच राहिली पाहिजे. जमिनीवर ती चालू असताना कुणी हात लावला तर कातडी चिकटून निघते.

माझ्या उजव्या तळव्यावर जी खूण आहे ना विशाखा, ती त्याचीच. लग्नाच्या चौथ्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मी 'तवा लागला' म्हणालो होतो. कामात चूक झाली हे नव्या बायकोसमोर सांगवलं नाही.

माझं बरं चाललंय. हल्ली काम दिवसाचंच असतं, दहा ते सात. परवा दुपारी डोक्यावरून एक विमान गेलं तर मी दचकलो. सवय मोडली की असं होतं.

पोरांना सांग, आणखी काही विचारायचं असेल तर विचारा. तूही विचार. कार्डावर एक ओळ चालेल. तुझं अक्षर जूनपासून पाहिलं नाही.

धम्मदीप


मरोळ
२२ नोव्हेंबर १९९८

विशाखा,

काल आबा येऊन गेले. तुला सांगून निघाले होते की नाही, माहीत नाही. 'पोरीला म्हणलं, नांदेडला डोळे दाखवून येतो,' असं म्हणाले.

ते आधी कंपनीच्या फाटकावर गेले. पहारेकऱ्यानं यादी बघून सांगितलं, या नावाचा माणूस सध्या कामावर नाही. मग आबा तिथंच धोतराचा सोगा आवरून बसले, केळीच्या दोन फण्या मांडीवर घेऊन. योगायोगानं जगन राठोड शिफ्ट संपवून बाहेर पडला. हा माझ्याबरोबर काम करणारा, पुसदकडच्या तांड्यावरचा. आपल्याकडची बोली कानावर पडली म्हणून त्यानं विचारलं आणि आबांना माझ्याकडे घेऊन आला. मी जिथं बसतो तिथं. एक दुकान आहे विशाखा, घरगुती मिक्सर आणि पंखे दुरुस्त करायचं.

आबा दारात उभे राहून बघत राहिले. माझ्या हातात मिक्सरची मोटर होती.

'जावईबापू, तुमी इमानं दुरुस्त करून राहिले का मिक्सर?'

'मिक्सर, आबा.'

'कवापासून?'

'जुलैपासून.'

'पोरीला ठाव हाय?'

'नाही.'

'काहून?'

मी मोटर खाली ठेवली. दुकानमालकानं त्यांना स्टूल दिलं, चहा सांगितला. चहा तसाच ठेवून आबा बोलायला लागले. मोठ्यानं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

'त्या दिशी सकाळी आठपासून पोरगी ट्रंकेवर बसली. जीप आली की उठायची, गेली की बसायची. मी म्हणलं च्या घे, तर न्हाई म्हणे. दुपारी दोनला म्हणाली, आबा, जीप पलटी झाली आसंल. मी एका ट्रकवाल्याला हात केला अन् अर्धापुरापातुर जाऊन आलो, बापू. वाटेतले नाले डोकावून बघितले. एका ठिकाणी काच फुटल्याली दिसली तर उतरून खाली गेलो.'

मग त्यांनी चहा घेतला. गार झालेला.

विशाखा, मला वाटलं होतं तू फाट्यावर तास-दोन तास थांबली असशील, मग रागानं निघून गेली असशील. सहासष्ट वर्षांचा माणूस माझा मुडदा शोधत नाल्यात उतरला, हे मला काल कळलं. म्हणून आता खरं सांगतो.

त्या महिन्यात आमच्या एका विमानाची तक्रार सारखी येत होती. वर उंचावर गेलं की कप्तानाच्या बाजूच्या नळीचा दिवा लागायचा, म्हणजे नळी तापत नाही. उतरायच्या आत दिवा गुल. जमिनीवर तपासावं तर नळी रसरशीत गरम. आम्ही नळी दोनदा बदलली. तक्रार येतच राहिली.

शुक्रवारी, सव्वीस जूनला दुपारी ते विमान माझ्याकडे आलं. तपासणीचं कार्ड असतं, त्यावर एकेक काम करून पुढं आकडा लिहायचा आणि सही ठोकायची. शेवटचं काम होतं नळीच्या मागचा पत्रा उघडून, तिथल्या प्लगपाशी तारेला ओल लागली आहे का ते मीटरनं मोजायचं. पत्र्याला बत्तीस स्क्रू. चाळीस मिनिटांचं काम.

मी ते केलं नाही. मागच्या आठवड्याच्या कार्डावरचा आकडा उतरवला आणि सही केली.

संध्याकाळची गाडी होती. पण तुझ्यामुळं झालं असं मनातही आणू नकोस. गाडीला तीन तास होते, मोजूनही पोचलो असतो. मला वाटेत मच्छरदाणी घ्यायची होती, दाढी करायची होती. आणि मनात असं होतं की दोनदा नळी बदलली, दहा वेळा तपासलं, आता काय निघणार.

त्याच संध्याकाळी दिल्लीहून येताना ते विमान बडोद्याच्या पुढं काळ्या ढगात शिरलं. कप्तानाचा काटा उतरायला लागला. विमान होतं त्याच वेगानं चाललेलं, आणि काटा म्हणत होता आपण थांबत चाललोय. अशा वेळी माणूस काट्यावर विश्वास ठेवून नाक खाली दाबतो आणि होत्याचं नव्हतं होतं. शेजारी बसलेली वैमानिक मुलगी सव्वीस वर्षांची. ती म्हणाली, 'सर, माझा काटा हललेला नाही.' कप्तानानं स्वतःचा काटा सोडला आणि तिच्या काट्यावर विमान उतरवलं. आत एकशे चौदा माणसं होती. त्यांना एवढंच कळलं की चहा अर्ध्यातच परत नेला.

शनिवारी सकाळी नांदेड स्टेशनवर उतरलो आणि बाहेरच्या बूथवरून जगनला फोन केला, सोमवारी उशीर होईल हे सांगायला. त्यानं हे सांगितलं. मी परतीच्या गाडीत बसलो.

रविवारी सकाळी हँगरमध्ये पोचलो तेव्हा तिसरी नवी नळी बसवून झाली होती. जमिनीवर सगळं ठीक. साडेआठला विमान परत जाणार होतं. मागचा पत्रा कुणी उघडलाच नव्हता. कशाला उघडतील? ओल नाही असं माझा आकडा सांगत होता.

मी शिफ्टच्या साहेबांना म्हणालो, तो आकडा खोटा आहे.

साहेबांनी दार लावून घेतलं. 'खिल्लारे, कागज साफ है. तेरा भी, मेरा भी. क्यों खोद रहा है?'

'साहेब, पत्रा उघडू द्या.'

'लायसन जायेगा. सोच ले.'

मी तिथंच टेबलावर लिहून दिलं.

पत्रा उघडला. मीटर लावला, आकडा असायला पाहिजे त्याच्या पाव हिस्साही नव्हता. तरी नळी तापतच होती, म्हणून बाकीचे म्हणायला लागले, हे एवढं काही नाही. तेव्हा जगन धावत जाऊन विमानात जेवण देणाऱ्यांच्या गाडीतून कोरडा बर्फ घेऊन आला, जेवण गार ठेवायला वापरतात तो, धुराळणारा. आम्ही तो फडक्यात बांधून प्लगच्या भोवती धरला. वर ढगात असते तशी थंडी केली. सहा मिनिटं काही झालं नाही. सातव्या मिनिटाला आतून कुणीतरी ओरडलं, 'दिवा लागला!'

प्लगचं रबर चिरलं होतं. आत पाणी झिरपून पितळेच्या पिनेवर हिरवं कीट चढलं होतं. गरम असताना पीन कशीबशी टेकायची, गारठली की आखडायची आणि वीज तुटायची. जमिनीवर नळी तापते का हे आम्ही शंभर वेळा तपासलं असतं तरी ही खोट सापडली नसती.

मग सगळ्या विमानांचे पत्रे उघडले. आणखी दोन विमानांचं रबर चिरलेलं निघालं.

मला आठ महिने घरी बसवलंय. मार्चमध्ये परत घेतील, पण वर्षभर कुठल्याही कागदावर माझी सही चालणार नाही.

आता तुला सगळं माहीत आहे. आबांची तब्येत जप. केळी गोड होती. मी एकट्यानं दोन फण्या संपवल्या, कुणाला द्यावीशी वाटली नाहीत.

धम्मदीप


मरोळ
२३ मे १९९९

विशाखा,

तुझं कार्ड मिळालं. अकरा महिन्यांनी तुझं अक्षर. पत्त्याच्या बाजूला तू तुझा पत्ता लिहिलास तिथं 'जि. परभणी' खोडून 'जि. हिंगोली' केलं आहेस. इथं पेपरात एका कोपऱ्यात बातमी होती, की एक मेपासून आपला जिल्हा वेगळा झाला. तुझ्या खोडण्यानं ती मला खरी वाटली.

मजकूर एकच ओळ. 'नांदेडहून फोन केलात, तेव्हा फोनवरच का नाही सांगितलं?'

तू कार्ड टाकून कामाला लागली असशील. मी ते सोळा दिवस खिशात घेऊन फिरतोय.

नोव्हेंबरच्या पत्रात मी लिहिलं की आता तुला सगळं माहीत आहे. ते खरं नव्हतं. पत्र टाकल्यावर मला बरं वाटलं होतं. वाटलं, बायकोला कळलं की आपला नवरा चुकला, पण नोकरीवर पाणी सोडून खरं बोलला. जगनही तसंच सांगत फिरायचा. कंपनीतल्या बऱ्याच जणांनी माझा हात हातात घेतला. तू एका ओळीत ते सगळं उलटं केलंस. वर्गात गणित चुकलेल्या पोराच्या पाटीवर नेमक्या ठिकाणी बोट ठेवतेस, तसं.

त्या बूथवर काय झालं ते लिहितो.

जगन फोनवर सांगत होता, आणि मला पहिल्याच वाक्यात कळलं होतं की प्लग असणार. तेव्हाच 'जगन, पत्रा उघड, मी मोजलं नाही' असं म्हणालो असतो तर अर्ध्या मिनिटात काम झालं असतं. विमान जागेवर थांबलं असतं. मी जीपमध्ये बसून दहाच्या आत तुझ्यासमोर आलो असतो. समोरच जीपवाला ओरडत होता, 'वारंगा, बाळापूर, कळमनुरी! दोन शिटा, दोन शिटा!' माझ्या खांद्याला पिशवी होती, पिशवीत मच्छरदाणी.

मी जगनला म्हणालो, 'बरं, मी येतो.' आणि फोन ठेवला.

मी खरं बोलायला परत गेलो नव्हतो, विशाखा. झाकायला गेलो होतो. गाडीत बसून बेत केला की रविवारी पहाटेच्या पाळीत विमान रिकामं असेल. कुणी नसताना पत्रा उघडायचा, मोजायचं, प्लग बदलायचा, पत्रा बंद. सही माझीच आहे, आकडाही आपोआप खरा होईल. कुणाला काही कळणार नाही. गाडी रखडत गेली, वीस तास मी तेच घोकत होतो. परभणी आलं, औरंगाबाद आलं. तू फाट्यावर उभी आहेस हे आठवत होतं. खोटं सांगत नाही, आठवत होतं. पण मी स्वतःला म्हणालो, ती समजून घेईल.

हँगरमध्ये पोचलो तर विमानाला शिडी लागलेली. साफसफाईवाले आत. प्रवासी यायला तासभर. लपूनछपून करायला जागाच उरली नव्हती. आणखी दोन तास मिळाले असते तर मी गुपचूप दुरुस्त करून मोकळा झालो असतो, आणि त्या दुसऱ्या दोन विमानांची चिरलेली रबरं कधी कुणाला दिसली नसती. मी खरं बोललो, कारण खोटं बोलायला वेळ कमी पडला.

बरं, निरोप? जीपवाल्याच्या हातात चिठ्ठी देता आली असती. कागद होता, पेन होतं. पण तुला लिहायचं तर कारण लिहावं लागलं असतं. तू चिठ्ठी वाचून गप्प बसणारी बाई नाहीस, तू दुसऱ्या जीपनं नांदेडला आली असतीस आणि माझ्या तोंडाकडे बघितलं असतंस. त्याची मला भीती वाटली. म्हणून तुला उन्हात बसू दिलं.

उत्तर असं आहे.

आता मी कामावर जातो. पाने-पक्कड पुसतो, शिडी धरतो, जगन सही करतो. माझ्या वाट्याला एक काम मात्र हट्टानं मागून घेतलं, नळीमागचे पत्रे उघडायचं. बत्तीस स्क्रू. मोजलेला आकडा मी मोठ्यानं वाचतो आणि दुसरा माणूस लिहितो.

तू परत लिही किंवा लिहू नकोस. पण विचारलंस, त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे. वर्षभर तुला मी नको होतो म्हणून वाईट वाटायचं. हे कार्ड आल्यापासून तू पाहिजेस म्हणून वाटतं. ते जास्त जड आहे.

धम्मदीप


मरोळ
११ फेब्रुवारी २००१

प्रिय विशाखा,

तुझ्या आई जनकाबाई आता चालतात हे वाचून बरं वाटलं. आईचा पाय मोडला हे तू बरा झाल्यावर कळवलंस, आधी कळवलं असतंस तर मी आलो असतो. म्हणूनच कळवलं नसशील.

तुझी कार्डं मी क्रमानं ठेवलीत. पावणेदोन वर्षांत नऊ. एकात फक्त 'तूर बरी आहे' एवढंच आहे. तुझ्या शेतातली की माझ्या बाबांच्या, तेही नाही. मी ते कितीतरी वेळा वाचलं.

माझी सही परत मिळून वर्ष होत आलं. आता एक विचारतो. औरंगाबादला आमचं छोटं ठाणं आहे. दिवसाला दोन विमानं, सकाळी एक, संध्याकाळी एक. तिथं जायला कुणी राजी नसतं, पुढं बढती नाही म्हणून. मी अर्ज केलाय. जिंतूरवरून पुसेगाव तिथून सहा-सात तासांवर. पण मी तुझ्याकडे यायला म्हणून जवळ येत नाही, तू ये म्हणायलाही नाही. एवढंच की हाक मारलीस तर त्याच दिवशी पोचता येईल इतक्या अंतरावर मला राहायचं आहे.

नको असेल तर तसं लिही. अर्ज मागं घेतो.

धम्मदीप


औरंगाबाद
२० ऑगस्ट २००१

प्रिय विशाखा,

काल तुझी बस गेली त्याला अजून चोवीस तास झाले नाहीत. सकाळचं विमान आलं, गेलं, मी नळ्यांवर टोप्या चढवल्या, काढल्या, आकडे लिहिले. संध्याकाळच्या विमानाला अवकाश आहे म्हणून बसलो.

शुक्रवारी दुपारी दारात उभी राहून तू म्हणालीस, 'शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण हाय इथं. म्हणून आले.' पिशवी खाली ठेवायच्या आधी सांगितलंस, म्हणजे माझा काही गैरसमज व्हायला नको. मी हो म्हणालो आणि वरण करायला घेतलं. तीन वर्षांनी समोर आलीस आणि मी डाळीत हळद दोनदा टाकली.

तुझे केस कानाजवळ पांढरे झालेत. चष्मा लागलाय. कार्डात तू त्यातलं काहीच लिहिलं नव्हतंस.

शनिवारी प्रशिक्षण आटोपून आलीस तेव्हा मला विमानतळाच्या फाटकापाशी घेऊन चल म्हणालीस. आत सोडणार नाहीत म्हटलं तर 'बाहेरून बघते' म्हणालीस. कुंपणापाशी उभं राहून तू संध्याकाळचं विमान उतरताना पाहिलंस. नळी कुठली ते मी बोट करून दाखवलं. लांबून ती दिसत नव्हती, तरी तू बराच वेळ बघत राहिलीस. मग म्हणालीस, 'एवढीशी?'

तिथंच, कुंपणाला टेकून, तू तांदळाचं सांगितलंस. सरकार महिन्याला पोरामागं तीन किलो तांदूळ देतं, पण हजेरी शंभरात ऐंशी भरली पाहिजे. कापूस वेचायच्या दिवसांत तांड्यावरची आणि आपल्या वस्तीवरची निम्मी पोरं शेतात असतात.

'मी त्यांची हजेरी लावते,' तू म्हणालीस. 'सहा वर्षं झाली. दर महिन्याला खोटा आकडा लिहिते अन् सही करते. पोरगं उपाशी राहू नये म्हणून. पण आकडा खोटा तो खोटाच. तुमचं नोव्हेंबरचं पत्र आलं त्या दिवशी मी हजेरीच घेऊन बसले होते.'

तू माझ्याकडे बघत नव्हतीस, धावपट्टीकडे बघत होतीस.

'आकड्याचं मला समजतं,' तू म्हणालीस. 'त्याचा राग मी कवाच धरला न्हाई. निरोपाचं समजत न्हाई. ते अजून समजत न्हाई.'

मी म्हणालो, 'मलाही.'

'तुमाला समजलं पायजे,' तू म्हणालीस. 'मी काहून समजून घेऊ? तुमी समजून घ्या अन् मग मला सांगा.'

मग परत येताना तू वाटेत भेंडी घेतलीस आणि एवढी महाग कशी म्हणून बाईशी भांडलीस. मी मागं पिशवी धरून उभा होतो. किती वर्षांनी मी कुणाच्या मागं पिशवी धरून उभा होतो.

आज सकाळपासून मी समजून घ्यायचा प्रयत्न करतोय. भीती वाटली, असं मी लिहिलं होतं. पण तेवढंच नाही. मला वाटतं, मी तुला अजून माझं माणूसच धरलं नव्हतं. तुझ्यापुढं मला पाहुण्यापुढं बसावं तसं नीटनेटकं बसायचं होतं. पाहुण्याला माणूस निरोप धाडत नाही, निमित्त सांगतो. घरच्या माणसाला म्हणतो, मी घाण केली आहे, तू जेवून घे, मला उशीर होईल. तेवढं एक वाक्य मला त्या दिवशी लिहिता आलं नाही. तुला हे पटेल का, ठाऊक नाही. पटलं नाही तर सांग, मी आणखी खणतो.

काल बसस्टँडवर जिंतूरची गाडी लागली तेव्हा मला खूप बोलायचं होतं. तू खिडकीत बसलीस. मी खालून पाण्याची बाटली दिली. कंडक्टरनं घंटी मारली आणि तू एकदम डोकं बाहेर काढून, घाईनं, जणू मला माहीतच नाही अशा थाटात सांगितलंस, 'पुढच्या शनिवारी शाळा सकाळचीच हाय.'

आणि गाडी हलली.

विशाखा, मी पहिली ते सातवी पुसेगावच्या त्याच शाळेत होतो. शनिवारची शाळा तेव्हापासून सकाळचीच असते.

तुझाच
धम्मदीप